इंदूर, हैदराबाद आणि वैभवदीप सोसायटी

वैभवदीप सोसायटीचे मानद सचिव श्यामकांत गायकर गच्चीवरची कबुतरं हाकलून नुकतेच खाली आले होते, तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. जिज्ञासाला बढती मिळाली होती आणि त्या आनंदात ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आणि आईला माझ्याकडून तीन दिवसांची ट्रिप. तिकीट, हॉटेल सगळं मी बघते. इंदूर किंवा हैदराबाद. रविवारपर्यंत एक नाव सांगा, बस."

एक नाव सांगायचं होतं. दुसऱ्या कुणीही नाणं उडवलं असतं आणि बॅग भरायला घेतली असती. पण श्यामकांतराव नऊ वर्षं सचिव होते आणि नऊ वर्षांत त्यांनी एकही निर्णय एकट्याने घेतलेला नव्हता. सोसायटीच्या गेटला रंग कुठला द्यायचा, हा विषय त्यांनी दोन वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये चर्चेला ठेवला होता. निम्म्या लोकांना निळा हवा होता, निम्म्यांना चॉकलेटी. शेवटी गेट राखाडी झालं. तो रंग कुणीच सुचवला नव्हता, त्यामुळे कुणाचा अपमानही झाला नाही, आणि ही आपल्या कारकिर्दीतली सर्वात यशस्वी तडजोड आहे असं श्यामकांतरावांचं प्रामाणिक मत होतं.

फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला, म्हणजे कुंदाताईंना, बातमी दिली. कुंदाताई लसूण सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मला दोन्ही चालेल," त्या म्हणाल्या. "फक्त दोघंच जाऊ या."

या साध्या वाक्यामागे सत्तावीस वर्षांचा संसार होता. लग्नानंतर दोघं माथेरानला गेले तेव्हा बरोबर श्यामकांतरावांचे काका-काकू होते, कारण "त्यांचं बघितलेलं आहे, ते दाखवतील." गणपतीपुळ्याला कुंदाताईंचं जांभूळ गावचं सगळं माहेर आलं. शिर्डीला टेम्पो ट्रॅव्हलर केली तेव्हा तर ड्रायव्हरची सासूही होती. एवढ्या वर्षांत नवऱ्याशेजारची सीट कुंदाताईंच्या वाट्याला कधी आलीच नाही. तिथे कायम कुणाचा तरी, घाट लागला की उलटी होणारा मुलगा बसलेला असायचा. कुंदाताईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण त्यांना ते लागलं होतं.

श्यामकांतरावांनी मान हलवली. पण त्यांच्या कानात राहिलं फक्त पहिलं वाक्य. बायकोला दोन्ही चालेल, म्हणजे तिने मत राखून ठेवलं. म्हणजे आता विषय खुला होता.

त्यांनी आधी सोसायटीचे चेअरमन शशिकांत नाफडे यांना जिन्यात गाठलं. नाफडे निवृत्त होते आणि जिन्यात गाठले जावेत म्हणूनच दिवसातून चारदा खाली-वर करत.

"इंदूर?" नाफडे म्हणाले. "तिथे जाऊन काय करणार? पोहे खाणार? गायकर, पोहे आपल्याकडे पाहुण्यांना देतात, आणि तेही नाइलाज असला तर. हैदराबादला जा. निजाम! इतिहास! सालारजंग म्युझियम बघायलाच एक दिवस पुरत नाही."

"पण तुम्ही तर म्युझियममध्ये गेलाच नव्हतात..."

"मी बाहेर बसलो होतो, गुडघ्यामुळे. पण ही आत गेली ती तीन तास आली नाही. त्यावरूनच अंदाज आला."

पहिल्या मजल्यावरच्या किर्ती सावंत यांनी याच्या बरोबर उलट सांगितलं. हैदराबादला काय आहे, उन्हाळा आणि मोती. मोती आपण घालतो का? मग? इंदूरला मात्र सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची उघडतात, शिवाय महेश्वरच्या साड्या तिथून जवळ. "आणि माणसं निम्मी मराठीच हो. परक्या गावात गेल्यासारखं वाटतच नाही." परक्या गावात गेल्यासारखं वाटणार नसेल तर जायचं कशाला, हा प्रश्न श्यामकांतरावांच्या मनात आला, पण सचिवाने सभासदाला प्रतिप्रश्न करायचा नसतो.

एक-एक बरोबरी झाली. आता तज्ज्ञाचं मत हवं, म्हणून श्यामकांतराव शर्टपीस घेण्याच्या निमित्ताने रिक्षा करून उल्हासनगरला गेले. कापडाच्या दुकानाच्या माडीवर लछमनभाईंचं टूर ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं. लछमनभाईंनी पाणी दिलं, पापड दिला आणि मग कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

"इंदौर बोलो, हैदराबाद बोलो, साईं, अपने को सेम. कितने जन?"

"दोन."

"दो?" लछमनभाईंनी चष्मा काढला. "खाली दो? घर में सब ठीक ना?"

श्यामकांतरावांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. लछमनभाईंना ते पटलेलं दिसलं नाही. ते म्हणाले, "देखो दादा, दो जन जाने में क्या मजा? अंताक्षरी कौन खेलेगा? पूरी बस करो, मैं रसोइया साथ में देता हूँ, और सबको टोपी फ्री." श्यामकांतराव एक टोपी नमुन्यादाखल डोक्यावर घेऊन, शर्टपीस विसरून परत आले. घरी कुंदाताईंनी टोपीकडे पाहिलं आणि ती काढून खुंटीला अडकवली.

शुक्रवार उजाडला. निर्णय नव्हता. जिज्ञासाचा मेसेज आला, "नाव?" आणि श्यामकांतरावांनी तेच केलं जे अडचणीच्या प्रत्येक वेळी त्यांनी नऊ वर्षं केलं होतं. त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान टाकलं.

त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की हेतू शुद्ध होता. दहा लोकांचं मत कळलं की कल कळतो, इतकंच. पण ग्रुपवर लिहायचं म्हटलं की त्यांच्या बोटांना एकच भाषा येत असे. त्यांनी लिहिलं: "विषय: तीन दिवसांची सहल. इंदूर की हैदराबाद? सर्व सभासदांनी रविवार सकाळपर्यंत आपले मत नोंदवून सहकार्य करावे. आपला विश्वासू, सचिव." पाठवलं आणि ते कंपनीत, एमआयडीसीतल्या स्टोअरमध्ये, ड्रम मोजायला निघून गेले.

दुपारी डबा खाताना फोन बघितला तेव्हा तीसच्या वर मतं पडलेली होती. शिवाय मतांखाली अभिनंदन होतं. "शेवटी सोसायटीला जाग आली." "सचिव साहेब, मानलं!" "बस एसी ना?" तळमजल्यावरच्या कल्पेशने माइक आणि स्पीकर आपल्याकडून जाहीर केला. कुणीतरी विचारलं होतं की भाडेकरूंना मताधिकार आहे का, आणि त्यावर भाडेकरूंनी एकवीस मेसेजमध्ये उत्तर दिलं होतं. एका बाईंनी कांदा-लसूण न खाणाऱ्यांची वेगळी रांग मागितली होती. डबा तसाच राहिला. आपण नक्की काय लिहिलं, ते श्यामकांतरावांनी पुन्हा वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या मराठीची भीती वाटली.

संध्याकाळी घरी आले तर कुंदाताई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. फोन समोर टीपॉयवर उपडा ठेवलेला होता.

"वाचलंस?" श्यामकांतरावांनी विचारलं.

"वाचलं."

"मी उद्याच सगळ्यांना सांगतो की हा खासगी विषय होता."

"सांगा," कुंदाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी आमटीत मीठ होतं, पोळ्या मऊ होत्या, सगळं व्यवस्थित होतं. भांडण करणाऱ्या बाईच्या हातून काहीतरी करपतं. कुंदाताई भांडत नव्हत्या. त्या निराश झाल्या होत्या, आणि श्यामकांतरावांना ते भांडणापेक्षा जड गेलं.

शनिवारी ते सांगायला बाहेर पडले. जिन्यात नाफडे भेटले, ते म्हणाले, "गायकर, नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काहीतरी केलंत." आता या माणसाला काय सांगणार? किर्ती सावंतांनी नव्या बॅगा आणल्या होत्या. आणि तळमजल्यावर विठाकाकी दारात बसल्या होत्या. जिथे आज वैभवदीप उभी आहे ते शेत विठाकाकींचं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत आणि शेताच्या बांधावर बसावं तशा उंबऱ्यावर बसत.

"श्याम्या," त्या म्हणाल्या, "मना त्या मोबाइलमंदी बोट लावता येत नाय. माझं मत तूच टाक."

"कुणाला टाकू, काकी? इंदूर की हैदराबाद?"

"कुठं पन न्या रे. पन न्या. म्हातारा गेल्यापासून मी कल्यानच्या पुढं गेले नाय."

श्यामकांतराव तसेच घरी परत आले. कुंदाताईंनी विचारलं, "सांगितलंत?" ते म्हणाले, "उद्या सभेत सांगतो." कारण तोवर सभाही लागलेली होती, नाफड्यांनी ती लावली होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. गेटच्या रंगालाही एवढी माणसं आली नव्हती. इंदूरवाले डावीकडे बसले, हैदराबादवाले उजवीकडे, आणि मध्ये कुणाची तरी ॲक्टिवा उभी होती. किर्ती सावंतांनी इंदूरच्या स्वच्छतेवर भाषण केलं आणि करता करता आपल्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत आल्या. हैदराबादवाल्यांनी बिर्याणी पुढे केली. त्यावर डावीकडच्या एका गृहस्थांनी, बिर्याणी तर उल्हासनगरलाही मिळते, असा मुद्दा मांडला. उजवीकडून उत्तर आलं की उल्हासनगरला तर ताजमहालही मिळतो, प्लॅस्टिकचा, लाइटवाला. श्यामकांतराव बोलायला तीनदा उठले. तिन्ही वेळा नाफडे म्हणाले, "सचिवांनी तटस्थ राहावं," आणि तिन्ही वेळा ते बसले. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा त्यांना बसायला बरंच वाटलं.

मतमोजणी झाली. दोन्ही बाजू समसमान.

"सचिव सोडले तर ग्रुपवरचं एकच मत आलेलं नाही," नाफडे फोन डोळ्यांपासून लांब धरून म्हणाले. "सौ. कुंदा गायकर."

सगळी सभा वळली. कुंदाताई खांबाजवळ, शेवटच्या खुर्चीवर होत्या. एवढ्या वर्षांत त्या सभेत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. चहाचे कप तेवढे गोळा करत. त्या उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "इंदूर."

डावीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. कल्पेशने शिट्टी वाजवली.

"पण मला एक विचारायचंय," कुंदाताई म्हणाल्या. "सगळी बिल्डिंग गेल्यावर पाणी कोण भरणार?"

टाळ्या थांबल्या. बस गुरुवारी निघणार होती. शुक्रवारी पाणी येत नाही, शनिवारी कमी दाबाने कधीही येतं, आणि तेव्हा पंप चालू करायला माणूस नसला तर वरची टाकी कोरडी. सोमवारी सकाळी तीन दिवसांचे कपडे आणि प्रवासाने आंबलेली पोरं घेऊन पन्नास माणसं बसमधून उतरणार आणि नळाला हवा येणार. हे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मग प्रत्येकजण जमिनीकडे बघू लागला. मागे राहायला कुणीच तयार नव्हतं.

"ती जबाबदारी आमच्या घराची," कुंदाताई म्हणाल्या. "सूचक मी. अनुमोदक हे."

श्यामकांतरावांचा हात सवयीने वर गेला. आपण कशाला अनुमोदन दिलं ते त्यांना हात खाली घेताना कळलं. तोवर ठराव एकमताने मंजूर झाला होता. नाफड्यांनी रुमाल काढला. "आजच्या काळात असा त्याग," ते म्हणाले. मंगळवारी याच पार्किंगमध्ये गायकर दांपत्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शाल घेताना श्यामकांतरावांचा चेहरा असा झाला होता की फोटोत तो गहिवर वाटावा.

ते पुढचे दिवस त्यांना फार वाईट गेले. इंदूर गेलं, हैदराबाद गेलं, आणि बायकोने चारचौघांत शिक्षा सुनावली, तीही स्वतःसकट. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "तू चिडलीयस का माझ्यावर?"

"हो," कुंदाताई म्हणाल्या. "चिडणार नाही तर काय? घरातल्या गोष्टीला तुम्हाला आधी बिल्डिंग आठवते. मी कितव्या नंबरला, तेवढं एकदा सांगा." एवढं बोलून त्या भाजी निवडू लागल्या.

गुरुवारी संध्याकाळी बस निघाली. लछमनभाई स्वतः टोप्या वाटायला आले होते. विठाकाकी पहिल्या सीटवर, खिडकीशी, टोपी घालून बसल्या होत्या आणि अजून बस जागची हलली नव्हती तरी बाहेर बघून हसत होत्या. पन्नास हात हलले. गायकर नवरा-बायकोंनीही हात हलवले. बस वळली आणि वैभवदीपमध्ये एवढी शांतता झाली की पंपाच्या खोलीतला बारीक गुंजारव ऐकू येऊ लागला.

श्यामकांतराव घरात येऊन बसले. शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात कुंदाताईंचा धाकटा भाऊ आनंदा, जांभूळहून स्कूटरवर आलेला, काखेत स्वतःची उशी.

"भावोजी, अजून तयार नाय झालात? गाडी चुकंल ना!"

"कसली गाडी?"

कुंदाताई आतून बॅग घेऊन आल्या. ती भरलेली होती. त्यांच्या अंगावर नवी साडी होती. "दुपारची, कल्याणहून," त्या म्हणाल्या. "जिज्ञासाला मी रविवारीच नाव कळवलं. हैदराबाद."

"आणि पाणी? ठराव झालाय, कुंदा! आपण थांबायचं असा..."

"आपण थांबायचं असा कुठे झालाय? आमच्या घराची जबाबदारी, असं म्हटलं मी. हा माझ्या घरचाच आहे."

श्यामकांतरावांनी ठरावाचा मसुदा मनात पुन्हा वाचला. त्यात खोट नव्हती. नऊ वर्षांच्या अनुभवानंतरही असा मसुदा त्यांना जमला नसता, हे त्यांना कबूल करावं लागलं.

"टाकीचं टेन्शन नका घेव," आनंदा सोफ्यावर उशी ठेवत म्हणाला. "मना पन दोन दिवस घरातनं सुटका पायजेच होती. टीव्ही माझा, पंखा माझा. पानी आलं का पंप लावतो, भरली का बंद करतो. जा तुमी."

आणि ते गेले. गाडीत श्यामकांतरावांच्या शेजारी कुंदाताई बसल्या. दोघांमध्ये कुणाचाही मुलगा नव्हता. लोणावळ्यापर्यंत दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. पुण्याच्या पुढे सुचलं आणि मग सोलापूर कधी आलं ते कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी ते चारमिनारच्या बाजूला, बांगड्यांच्या बाजारात, एका टपरीपुढे बसले होते. चहा आणि बिस्किटं समोर होती. कुंदाताईंच्या हातात लाखेच्या हिरव्या बांगड्या आल्या होत्या. आनंदाचा निरोपही आला होता: टाकी भरली, मॅच चालू आहे. एवढं सुख झाल्यावर फोन वाजणारच. नाफड्यांचा व्हिडिओ कॉल होता.

श्यामकांतरावांनी घाबरून तो घेतला आणि फोन इतका जवळ धरला की इंदुरात त्यांचं फक्त नाक आणि नाकाच्या बाजूने दिसणारा थोडा बाजार पोहोचला. तिकडे सराफ्यातली गर्दी होती, हातात जिलब्या होत्या, मागे सगळी वैभवदीप टोप्या घालून उभी होती.

"सचिव! आम्ही सगळे तुमचीच आठवण काढतोय. घास उतरत नाही हो! पाणी आलं ना?"

"आलं. टाकी भरली."

"वा! जरा दाखवा की आपली बिल्डिंग. आणि मागे हे काय? बांगड्या? एवढे लाइट?" नाफड्यांचा चेहरा उजळला. "हां, उल्हासनगरला गेलात होय बाजाराला! फिरा, फिरा जरा, तेवढाच बदल."

उत्तर ताटात वाढून मिळालं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. अब्रू राहिली असती, शाल राहिली असती, पुढच्या निवडणुकीत सचिवपदही राहिलं असतं. श्यामकांतरावांनी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या बशीतल्या बिस्किटाकडे बघत होत्या, फार लक्ष देऊन.

श्यामकांतरावांनी फोन हातभर लांब धरला. आता चौकटीत दोघंही आले.

"उल्हासनगर नाही, नाफडे. हैदराबाद. कुंदाला घेऊन आलोय. टाकीजवळ तिचा भाऊ आहे, पाणी भरलेलं आहे. पण ही सहल पहिल्यापासून आमची दोघांचीच होती. ते मतदान ग्रुपवर टाकायचंच नव्हतं. गाढवपणा माझा."

नाफड्यांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते जे म्हणणार होते त्यात "नियम" हा शब्द नक्की होता; पण तेवढ्यात टोपी घातलेलं एक डोकं खालून चौकटीत घुसलं.

"ए नाफडे," विठाकाकी म्हणाल्या, "ठेव ना तो फोन. नवरा-बायको फिरायला गेलीत, त्यांच्यात तू कशाला? आन् कुंदे, बांगड्या बऱ्या दिसतात गो."

फोन बंद झाला. लगेच ग्रुपवर मेसेज पडू लागले, टण् टण् टण्. श्यामकांतरावांनी फोन खिशात टाकला. त्यांचे कान लाल झाले होते. सोमवारी काय होईल ते त्यांना दिसत होतं, पण सोमवार अजून लांब होता.

"आणखी एक चहा सांगू?" त्यांनी विचारलं.

कुंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून त्या बांगड्या मागे-पुढे करत होत्या. श्यामकांतराव मात्र चहा सांगायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "चारमिनार तिकडे आहे."